काळी चकाकी

४ एप्रिल, सोमवार

आजपासून मला फिनिशिंगचं टेबल मिळालं. मालक म्हणाले, "तुझा हात स्वच्छ आहे. ओझी उचलायला गाढवं पुष्कळ मिळतात." आजवर ओझी मीच उचलत होतो, त्यामुळे हसावं की नाही ते कळलं नाही. हसलो.

आमच्याकडे झिजलेले टायर येतात. उस्ताद त्यांची उरलीसुरली नक्षी मशीनवर घासून काढतो. घासलेला टायर आकड्याला टांगतात, त्यावर रबर चिकटवणारं सोल्युशन मारतात, नव्या रबराचा पट्टा चढवतात आणि रबरी पिशवीत घालून चेंबरमध्ये शिजवतात. शिजून बाहेर आला की तो माझा. कडेनं बाहेर आलेलं जादा रबर कापायचं, टायर पुसायचा आणि वरून पॉलिश फवारायचं. हे पॉलिश मालकांनी नवीनच आणलंय. गिऱ्हाईक टायर आधी डोळ्यांनी घेतं, असं त्यांचं म्हणणं.

माझं अक्षर बरं आहे म्हणून घासलेल्या टायरच्या बाजूला नंबराची चिठ्ठी डकवायचं कामही माझ्याकडेच दिलंय. शाळा आठवीत सुटली, पण ताईनं रोज चार ओळी लिहायला लावून शुद्धलेखन सुटू दिलं नाही. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तू टायरचा मेकअप करणार." भाऊजी आतून ओरडले, "मेहुणेबुवा, एक हात माझ्या तोंडावरूनही फिरवा."

७ एप्रिल, गुरुवार

अंगणात टेबल ठेवलं तर रस्त्याची धूळ ओल्या पॉलिशवर बसते. टायर चकाकायच्या ऐवजी पिठात लोळल्यासारखा दिसतो. मालकांची परवानगी काढून टेबल आत घेतलं, खिडकीजवळ, घासलेल्या टायरांच्या आकड्यांशेजारी. जुना उभा पंखाही मागून लावला, म्हणजे पॉलिश लवकर वाळतं. आज एकाही टायरवर धुळीचा कण नाही.

उस्तादनं दम दिला, "आत आलायस तर एक ध्यानात ठेव. घासलेल्या टायरला बोट लावायचं नाही. घामाचं बोट लागलं तरी तिथं पट्टा धरत नाही." मी म्हणालो, "मी तिकडे बघणारही नाही." मला हा नियम फार आवडला. खरं तर स्वच्छतेचे सगळेच नियम मला आवडतात.

१८ एप्रिल, सोमवार

डिंक खराब आलाय. चिठ्ठ्या टिकत नाहीत. सकाळी डकवलेली चिठ्ठी दुपारी जमिनीवर पडलेली असते. उस्ताद म्हणतो, "अक्षर इतकं सुंदर काढतोस की ती लाजून पडते." दुसऱ्या दुकानातून महाग डिंक आणला.

२१ एप्रिल, गुरुवार

चिमणीच्या डोळ्याला पट्टी लावायचं काम मी अंगावर घेतलंय. चिमणी म्हणजे ताईची मुलगी, पाच वर्षांची. तिचा डावा डोळा मागे राहिलाय. उजव्यावर पट्टी लावून ठेवली की डावा कामाला लागेल, असं डॉक्टर म्हणतात. भाऊजी म्हणतात, आळशी डोळा आहे, मामावर गेलाय.

दर गुरुवारी ताई तिला शहरात डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. भाऊजींचीच मिनीबस आहे, हायवेनं शहरापर्यंत जाते. पुढच्या सीटा ते प्रवाशांना देतात आणि घरचं माणूस असलं की त्याला मागच्या चाकावरची सीट. तिथं चाकामुळे पत्रा वर आलेला आहे, पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं, म्हणून ती सीट कुणाला नको असते. चिमणीला मात्र तीच हवी असते. त्या उंचवट्यावर उभी राहिली की तिला खिडकीतून सगळं दिसतं.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा पट्टी लोंबत होती. चिमणी म्हणाली, "मामाची पट्टी चांगली आहे. लवकर सुटते."

२६ एप्रिल, मंगळवार

भाऊजींच्या मागच्या चाकांचे चारही टायर घासायला आले होते. माझ्या सांगण्यावरूनच आले. ते दुसरीकडे देणार होते. मी दोन रात्री त्यांचं डोकं खाल्लं की आमच्याकडे काम किती नीट होतं, मी स्वतः बघतो. शेवटी म्हणाले, "बरं बाबा. माझी बायको आणि पोरगी तुझ्या टायरवर बसतात, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

त्यामुळे मी आणखी काळजी घेतली. ते टायर घासून टांगले होते तेव्हा शेजारी उभा राहून राखण केली, कुणी हात लावू नये म्हणून. पंखा त्यांच्याकडे वळवला, धूळ बसू नये म्हणून. शिजून आल्यावर पॉलिशचे तीन हात दिले. भाऊजी टायर न्यायला आले आणि बघतच राहिले. "अरे, हे गाडीला लावायचे की घरात शोभेला ठेवायचे?"

टायर टांगायचे आकडे हल्ली बुळबुळीत लागतात. मालक खिडकीजवळ घसरता घसरता वाचले. रोज साबणानं जमीन धुतो.

५ मे, गुरुवार

एका मालट्रकचा टायर परत आला. हायवेवर भर वेगात असताना पट्टा सोलून निघाला. ट्रकचा ड्रायव्हर सांगत होता, आधी धप धप आवाज आला, मग बंदूक उडाल्यासारखा. आरशात पाहिलं तर काळं जनावर रस्त्यावर उड्या मारत मागे जात होतं. तो पट्टा होता. मागून येणाऱ्या मोटारीनं कसाबसा चुकवला.

मालकांनी टायर न बघताच विचारलं, "हवा कधी तपासली होती?" ड्रायव्हर चाचरला. मालक म्हणाले, "मग? कमी हवेचा टायर तापतो. तापला की सुटणारच."

तो गेल्यावर मी टायर नीट पाहिला. पट्टा निघाला होता तिथला भाग इतका स्वच्छ होता की नवल वाटलं. रबराचा एक तुकडाही मागे राहिला नव्हता. अगदी आकड्यावर टांगला होता तसाच. आमची घासाई किती साफ असते हे मालकांना दाखवलं. त्यांनी तो टायर मागच्या ढिगात टाकायला सांगितला.

९ मे, सोमवार

आणखी एक, पिकअपचा. ड्रायव्हरचा हात गळ्यात होता. मनगट मोडलंय. गाडी दुभाजकावर चढली. तो भांडायलाही आला नव्हता. फक्त टायर दारात टाकला, म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे," आणि निघून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

मालक म्हणाले, जास्त माल भरला असणार. उस्ताद म्हणाला, रबराचा हा लॉट जुना असेल. मला झोप नाही. रबराच्या पेट्यांवरच्या तारखा वाचल्या, ठीक आहेत. चेंबरचा काटा तपासला, ठीक आहे. म्हणजे दोष आत येणाऱ्या धुळीचाच असणार. आजपासून घासलेला प्रत्येक टायर मी कोरड्या फडक्यानं अलगद झटकून ठेवणार आहे. बोट लावणार नाही. टेबलावरचं मऊ फडकं आहे, तेच वापरतो.

१२ मे, गुरुवार

रात्री भाऊजींना विचारलं, हवा तपासता ना? जेवता जेवता थांबून म्हणाले, "हे बघ, तू तिसरीत होतास तेव्हापासून मी गाडी चालवतोय." ताई म्हणाली, "विचारलं तर बिघडलं काय?" ते म्हणाले, "विचारण्यानं बिघडत नाही. विचारतानाचं याचं तोंड बघ. मयताला आल्यासारखं."

नंतर बाहेर जाऊन मी बॅटरीच्या उजेडात चारही टायर बघून आलो. अंगठ्यानं कडा दाबल्या. कुठं फुगा नाही, चीर नाही. सुंदर दिसतात. इतके सुंदर दिसतात की माझं मलाच बरं वाटलं.

आत येऊन पुन्हा बघायला गेलो.

१९ मे, गुरुवार

हे सगळं घडलं त्याच क्रमानं लिहितो. अक्षर वाचता येईल असं काढतो.

सकाळी चिमणीला पट्टी लावत होतो. ताईनं माझ्या हातातून ती काढून घेतली. "तू नको लावूस. तू लावलेली कधीच टिकत नाही. मी लावते ती दोन दिवस राहते." मी म्हणालो, पट्टी तीच, डोळा तोच. ती म्हणाली, "मग हात वेगळे असतील." आम्ही तिघंही हसलो. चिमणी बसमध्ये चढली आणि त्या उंचवट्यावर उभी राहून तिनं मला हात केला.

कामावर गेलो, पहिल्या टायरला चिठ्ठी डकवली. पडली. पुन्हा डकवली. पुन्हा पडली. महाग डिंक, नवी बाटली. मी तिथंच चिठ्ठी हातात धरून उभा राहिलो आणि मला ताईचं बोलणं ऐकू आलं.

मी मग्यातलं पाणी आकड्यावरच्या घासलेल्या टायरवर शिंपडलं. पाण्याचे गोल मणी झाले आणि घरंगळून खाली पडले. उस्तादच्या मशीनवरून नुकताच उतरलेला टायर होता, त्यावर शिंपडलं. पाणी पसरलं, मुरलं. दोन्ही टायर सारखेच घासलेले. फरक एवढाच, की एक माझ्या टेबलाशेजारी टांगलेला होता.

पॉलिशवर काहीच चिकटत नाही. मी फवारत होतो आणि माझा पंखा ते उडवून घासलेल्या टायरांवर नेऊन बसवत होता. जे उरत होतं ते मी फडक्यानं पुसून लावत होतो. रोज. आणि भाऊजींच्या टायरांवर तर मी पंखा स्वतः वळवला होता.

मालकांना दाखवलं. त्यांनी आधी दार लोटलं. म्हणाले, "पाण्यावरून टायर ओळखायला तू कोण, वैद्य? टेबल बाहेर ने आणि तोंड बंद ठेव. बोंब झाली तर दुकानाला टाळं लागेल."

मी बाहेर येऊन भाऊजींना फोन लावला. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत. हे मला माहीत आहे, याबद्दल मी त्यांचं नेहमी कौतुक करतो. पुन्हा लावला. मग ताईला. ती उचलेना. ऊन असं होतं की डांबर डोळ्यांदेखत हलत होतं, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की चिमणी त्या पत्र्यावर उभी आहे.

शेवटी ताईनं उचलला. मी म्हणालो, "ताई, त्या सीटवरून ऊठ. चिमणीला घेऊन पुढं जा."

"का रे? पुढं जागा कुठं आहे?"

"उभी राहा. ऊठ आधी."

"झालंय काय पण?"

"काही विचारू नकोस. आता भाऊजींना काही सांगू नकोस, मी नंतर सांगतो. चहाला थांबले की मला फोन करायला सांग. तू फक्त ऊठ."

"उठले बाबा, उठले. तुझं आपलं काहीतरीच." मागे चिमणी रडत होती, तिला खिडकी हवी होती.

भाऊजींना का सांगू दिलं नाही, तेही लिहितो. गाडीत घबराट होऊ नये म्हणून. चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या कानावर असं काही घातलं तर त्याचा हात हलू शकतो. चहाचा थांबा फार लांब नव्हता. मी तेव्हा असाच विचार केला. मला वाटतं, मी असाच विचार केला.

थांब्याच्या अलीकडे मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा पट्टा सुटला. चाकाबरोबर फिरत तो खालून पत्र्यावर आदळत राहिला आणि टायर फुटला तेव्हा पत्रा फाटून वर आला. भाऊजींनी गाडी सरळ धरली, उलटू दिली नाही. सगळे म्हणतात, दुसरा कुणी असता तर उलटली असती. ताईला आणि चिमणीला खरचटलंसुद्धा नाही.

त्या सीटवर एक माणूस बसला होता.

२० मे, शुक्रवार

त्या सीटवरच्या गृहस्थांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. डॉक्टरांना तो वाचवता आला नाही. घड्याळं दुरुस्त करतात, शहरात कसलासा सुटा भाग आणायला निघाले होते. दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, सीट रिकामी झाली म्हणून मागे गेले.

भाऊजी पोलिसांकडून परत आले ते खाटेवर बसून राहिले. हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे मांडीवर ठेवलेले. मी समोर जाऊन सगळं सांगितलं. पंखा, फडकं, पाणी, सगळं. मला वाटलं होतं, मारतील. म्हणाले, "फोन कधी केलास?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा तुला माहीत होतं."

"तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून—"

"तुझी ताई माझ्यापासून चार हातांवर उभी होती रे."

मग ते उठून अंगणात गेले.

ताई स्वयंपाकघरातून आली नाही. मी आत गेलो तर पाठमोरीच म्हणाली, "त्या घड्याळवाल्यांनी मला विचारलं होतं, ताई, इथं बसू का? मी बसा म्हणाले." मग पुन्हा, माझ्याशी नाही, भांड्यांशी बोलल्यासारखं, "मी म्हणाले, बसा ना, मोकळीच आहे."

२१ मे, शनिवार

सकाळपासून हात धुतोय. साबण, माती, रॉकेल. नळाखाली धरले की पाणी अजून मणी होऊन पळतं. की मला तसं वाटतंय?

दुकान बंद आहे. मालकांचा फोनही बंद. ते टायर अजून रस्त्यावर आहेत, कुणाकुणाच्या चाकांवर. हे माझ्या मनात आज दुपारी आलं. काल दिवसभर आलं नाही. काल मी फक्त ताई कधी बोलेल याचा विचार करत होतो.

२२ मे, रविवार

दवाखान्यात गेलो. घड्याळजी जागे होते. त्यांची बायको डबा आणायला गेली होती. खाटेवरच्या चादरीखाली एका बाजूला पाय होता आणि दुसऱ्या बाजूला चादर सपाट होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो.

कोण आपण, म्हणाले. मी म्हणालो, बसच्या ड्रायव्हरचा मेहुणा.

"बसा. त्यांना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. गाडी फार छान सांभाळली त्यांनी." मग म्हणाले, "उभं राहून चालणारा धंदा नाही माझा, ते एक बरं. बसूनच पोट भरतो." आणि स्वतःच थोडे हसले. मला हसता आलं नाही.

नर्स सलाईनच्या सुईवरची पट्टी बदलायला आली. मला म्हणाली, "एवढं टोक धरा." मी हात मागे घेतला. म्हणालो, माझ्या हातानं चिकटणार नाही. तिला वाटलं मी किळस केली. तिनं दातांनी टोक धरून एकटीनं पट्टी लावली.

ती गेल्यावर घड्याळजी छताकडे बघत म्हणाले, "एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या बाई मुलीला घेऊन एकदम उठल्या. त्यांना कुणाचा तरी फोन आला होता."

मी म्हणालो, "माझा."

ते वळले. मी सांगितलं. लिहितो तसं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता. माहीत असून मी फक्त ताईला उठवलं, हेही सांगितलं. घबराट होऊ नये म्हणून, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते शब्द तिथं, त्या चादरीसमोर, बाहेर आले नाहीत. खरं तर फोन करताना मला भाऊजींची भीती वाटली. सगळ्या गाडीसमोर माझं नाव निघेल, मला घराबाहेर काढतील, याची भीती वाटली. तेवढंच होतं.

त्यांनी शिवी दिली नाही. हळू विचारलं, "आणि आम्हांला?"

त्यांची बायको डबा घेऊन आली, तिनं मला पाणी विचारलं. मी उठलो.

२२ मे, रात्र

उस्तादच्या घरी आलोय. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेक ड्रायव्हर त्याच्या ओळखीचे, त्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये आहेत. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मालक तुला सोडणार नाही." मी म्हणालो, फोन दे. त्यानं दिला आणि शेजारी बसून राहिला.

पहिल्यानं उचलला तेव्हा मागून इंजिनाचा आवाज येत होता. गाडी चालू होती. पूर्वी मी आधी नाव सांगितलं असतं, मग दुकानाचं नाव, मग नमस्कार.

"गाडी हळूहळू कडेला घ्या," मी म्हणालो. "सगळ्यांना उतरवा. मागे कुणालाही बसू देऊ नका. तुमच्या टायरचा पट्टा सुटणार आहे, चूक माझी आहे."

"कोण बोलतंय?" तो म्हणाला.

मग मी नाव सांगितलं.

आता पुढचे नंबर लावतोय. तिघेजण उचलत नाहीत. पुन्हा पुन्हा लावतोय.